रॉ छायाचित्रांसाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे: आपल्याच फाइलींवर घ्यायची चाचणी

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने (प्रकाश टिपणाऱ्या भागाने) मोजलेली, अजून चित्रात रूपांतर न झालेली माहिती. एकच रॉ फाइल तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, की पडद्यावर तीन वेगवेगळी छायाचित्रे दिसतात. एकात आकाश गडद असते, दुसऱ्यात त्वचा किंचित लालसर दिसते आणि तिसरे फिके, अपुरे राहिल्यासारखे वाटते. रॉकडे नव्याने वळलेला छायाचित्रकार बहुधा येथेच फसतो, कारण उघडताक्षणी जे डोळ्यांना सुखावते तेच सॉफ्टवेअर चांगले असे तो ठरवून टाकतो. प्रत्यक्षात तो पहिला देखावा म्हणजे निर्मात्याने आपल्या आवडीनुसार आधीच लावून ठेवलेले रंग, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग असते. ते सगळे काही मिनिटांत बदलता येते. बदलता येत नाहीत किंवा फार कष्टाने बदलतात अशा गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि तुलना त्यांची करायची असते.

रॉ फाइल उघडते म्हणजे नेमके काय होते

सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू फक्त प्रकाश किती पडला एवढेच मोजतो. रंग त्याला कळत नाही. म्हणून सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी तीनपैकी एकच रंग खरोखर मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने काढावे लागतात. या कामाला डीमोझेकिंग म्हणतात. प्रत्येक सॉफ्टवेअरची अनुमान काढण्याची पद्धत निराळी असल्यामुळे केस, पाने, विणलेले कापड अशा बारीक तपशिलांत फरक पडतो. फुजीफिल्मने २०१२ सालच्या एक्स-प्रो१ कॅमेऱ्यापासून एक्स-ट्रान्स नावाची, सहा बाय सहा बिंदूंनी पुन्हा पुन्हा येणारी वेगळी जाळी वापरायला सुरुवात केली. अशा कॅमेऱ्यांच्या फाइलींत हा फरक आणखी ठळक होतो.

रॉ फाइल बहुधा १२ किंवा १४ बिटची असते, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी प्रकाशाच्या ४,०९६ किंवा १६,३८४ पातळ्या नोंदवता येतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६च पातळ्या मिळतात. सावलीतला तपशील उजळण्याची किंवा व्हाइट बॅलन्स (पांढरी वस्तू पांढरीच दिसावी म्हणून साधलेला रंगांचा तोल) नंतर बदलण्याची मोकळीक या जास्तीच्या पातळ्यांमुळेच मिळते. मात्र ही माहिती सेन्सरने जशी मोजली तशीच असते. डोळ्यांना पटेल असे चित्र होण्यासाठी तिच्यावर व्हाइट बॅलन्स, रंगांचे प्रोफाइल (सेन्सरचे आकडे प्रत्यक्ष रंगांत कसे बदलायचे याचा तक्ता) आणि टोन कर्व्ह (उजळ-गडद भागांची मांडणी ठरवणारी वक्ररेषा) चढवावे लागतात. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसणारे चित्र आणि सहसा तिथला हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद बिंदूंच्या संख्येचा आलेखसुद्धा, फाइलसोबत साठवलेल्या जेपेगवरून तयार झालेला असतो. त्यामुळे संगणकावर रॉ उघडल्यावर चित्र अचानक वेगळे दिसले, तर फाइल बिघडली असे समजून घाबरू नये.

पहिली पायरी: कोणत्या सॉफ्टवेअरचा विचार करायचा

यादी लांब करण्यात अर्थ नाही. तीन नावे पुरेशी आहेत. ती निवडण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: आपला कॅमेरा कोणत्या पद्धतीने रॉ साठवतो, आणि आपला संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या कॅमेऱ्याच्या नावात नसते. निकॉनने झेड ९ या २०२१ सालच्या कॅमेऱ्यात आणलेला हाय एफिशियन्सी हा संक्षिप्त रॉ प्रकार मुक्त (कोणालाही वापरता व बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये बराच काळ उघडता येत नव्हता, जरी त्याच कॅमेऱ्याच्या नेहमीच्या फाइली उघडत होत्या. म्हणून सॉफ्टवेअरच्या समर्थन यादीत कॅमेऱ्याचे नाव दिसले तरी आपल्या स्वतःच्या दोन-तीन फाइली उघडून पाहाव्यात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिनक्स असेल, तर निवड आपोआप अरुंद होते, कारण अडोबी लाइटरूम, कॅप्चर वन आणि डीएक्सओ फोटोलॅब ही तिन्ही लिनक्ससाठी उपलब्ध नाहीत.

यादीतले पहिले नाव कॅमेऱ्याच्या उत्पादकाच्याच सॉफ्टवेअरचे असावे, असे माझे ठाम मत आहे. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे २०२१ साली आलेले एनएक्स स्टुडिओ, सोनीचे इमेजिंग एज डेस्कटॉप ही त्या त्या कंपनीच्या कॅमेऱ्यांसाठी असून त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. फुजीफिल्मच्या एक्स रॉ स्टुडिओची तर कल्पनाच निराळी आहे: कॅमेरा यूएसबीने संगणकाला जोडायचा आणि रॉवरची प्रक्रिया कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरकडूनच करून घ्यायची. या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे ठरावीक भाग निवडून बदल करण्याची सोय बेताचीच असते आणि वेगही अनेकदा कमी वाटतो. परंतु उत्पादकाला अभिप्रेत असलेला रंग कोणता, याचा नमुना तेथेच मिळतो आणि इतरांची तुलना करताना तोच नमुना हाताशी लागतो.

दुसरे नाव मुक्त सॉफ्टवेअरपैकी एखादे घ्यावे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही त्यांतली दोन प्रमुख. दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मिळतात आणि लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्ही प्रणालींवर चालतात. रॉथेरपीत डीमोझेकिंगची पद्धतसुद्धा आपल्या हाताने निवडता येते, त्यामुळे रॉ प्रक्रियेत नेमके काय घडते हे शिकायचे असेल तर याच्याइतके उघडे पुस्तक मला दुसरे आढळलेले नाही. डार्कटेबलमध्ये छायाचित्रसंग्रह सांभाळण्याची सोय आहे आणि मास्क (बदल चित्राच्या ठरावीक भागापुरता ठेवणारी निवड) विलक्षण ताकदीचे आहेत, पण त्याची विचारपद्धती वेगळी आहे. प्रत्यक्ष दृश्यात प्रकाशाचे जे प्रमाण होते ते शक्य तितका वेळ तसेच ठेवून शेवटी ते पडद्याच्या मर्यादेत बसवायचे, असा त्याचा क्रम असतो. लाइटरूमची सवय असलेल्या माणसाला हा क्रम आरंभी उलटा वाटतो. ज्याला कसलीच सवय नाही, त्याला तो तितका अवघड जात नाही.

तिसरे नाव व्यावसायिक सॉफ्टवेअरपैकी, गरजेप्रमाणे. अडोबी लाइटरूमची पहिली आवृत्ती २००७ साली आली, आणि २०१७पासून लाइटरूम क्लासिक व लाइटरूम अशी दोन वेगळी सॉफ्टवेअरे आहेत; पहिले आपल्या संगणकावरच्या फोल्डरांभोवती बांधलेले आहे, तर दुसरे क्लाउडभोवती. नव्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून चाचणी कोणत्या लाइटरूमची घेत आहोत हे आधी पाहावे. डॅनिश मूळ असलेले कॅप्चर वन स्टुडिओत कॅमेरा संगणकाला जोडून काम करणाऱ्यांमध्ये विशेष रुळलेले आहे. फ्रान्समधील डीएक्सओचे फोटोलॅब प्रयोगशाळेत मोजलेल्या लेन्सच्या दोषदुरुस्तीसाठी आणि नॉइज (चित्रातले नको असलेले बारीक ठिपके) कमी करण्यासाठी ओळखले जाते.

दुसरी पायरी: चाचणीची छायाचित्रे आधी, सॉफ्टवेअर नंतर

व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्यांना मुदत असते आणि ती बसवल्या दिवसापासून मोजली जाते. त्यामुळे छायाचित्रे निवडून झाल्याशिवाय काहीही बसवू नये. आपल्याच संग्रहातून दहाच्या आसपास रॉ फाइली निवडून एका स्वतंत्र फोल्डरमध्ये त्यांच्या प्रती ठेवाव्यात. मूळ फाइलींवर चाचणी करू नये, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर फाइलींच्या शेजारी आपापल्या नोंदींच्या फाइली तयार करू शकते आणि त्यांचा ढीग निस्तरणे कंटाळवाणे असते.

सुंदर छायाचित्रे निवडण्याचा मोह आवरावा. ज्यात सॉफ्टवेअरची कसोटी लागेल अशीच निवडावीत. एखादे उंच आयएसओवर (वाढवलेल्या प्रकाशसंवेदनशीलतेवर), अंधुक उजेडात घेतलेले असावे. एक असे हवे ज्यात ढगांचा काही भाग पांढरा पडला आहे. एक असे, जे चुकून तीनेक स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी एक्स्पोज झाले आणि ज्याच्या सावल्या आता वर उचलाव्या लागतील. वेगवेगळ्या वर्णाच्या दोन-तीन व्यक्तींचे चेहरे एकाच उजेडात असलेले एक चित्र अवश्य घ्यावे. बारीक विणीचे कापड, दाट पानोरा, रुंद कोनाच्या लेन्सने टिपलेल्या इमारतीच्या सरळ कडा यांनाही जागा द्यावी. रंगमंचावरच्या निळ्या किंवा जांभळ्या एलईडी प्रकाशातले एक चित्र तर मी कधीच वगळत नाही. असा गर्द एकरंगी प्रकाश अनेक प्रोफाइलना पेलत नाही आणि चेहऱ्याच्या जागी तपशील नसलेला सपाट निळा डाग उरतो. एका सॉफ्टवेअरमध्ये जे चित्र टाकाऊ ठरले ते दुसऱ्यात सहज सावरलेले मी पाहिले आहे. शेवटी एक साधा नमुना हवा: नेहमीच्या दिवसाच्या उजेडात राखाडी कार्ड ठेवून घेतलेले छायाचित्र. याच्याशिवाय पुढची पायरी नीट होत नाही.

तिसरी पायरी: सगळ्यांना एका पातळीवर आणणे

तुलनेतील सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. सॉफ्टवेअरमधले आकडे परस्परांशी जुळत नाहीत. एकात व्हाइट बॅलन्स ५,२०० केल्विन (प्रकाशाची रंगछटा मोजण्याचे एकक) ठेवला आणि दुसऱ्यातही ५,२०० केल्विन ठेवला, तरी रंग सारखे येतीलच असे नाही, कारण केल्विनचा आकडा प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या प्रोफाइलवरून काढते. एक्स्पोजरच्या शून्याचेही तसेच. डार्कटेबल सुरुवातीलाच एक्स्पोजर थोडे वाढवून ठेवते. रॉथेरपीची नेहमीची सुरुवात फाइलमधल्या जेपेगशी जुळणारा कर्व्ह शोधण्यापासून होते. लाइटरूम अडोबी कलर हे प्रोफाइल आणि थोडे शार्पनिंग लावूनच चित्र दाखवते. म्हणून आकडे सारखे करण्याऐवजी परिणाम सारखा करावा. राखाडी कार्डावर ड्रॉपर टेकवून व्हाइट बॅलन्स ठरवावा आणि कार्डाची उजळता एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या रंगरचनेच्या ० ते २५५ मोजपट्टीवर सर्वत्र ११८च्या आसपास येईपर्यंत एक्स्पोजर सरकवावे. १८ टक्के प्रकाश परावर्तित करणाऱ्या राखाडी रंगाची त्या मोजपट्टीवरची जागा हीच आहे. कार्ड नसलेल्या चित्रांत पांढरा कागद, सिमेंटची भिंत अशी रंगहीन वस्तू शोधावी.

यानंतर प्रत्येक चित्राला प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये साधारण सारखा वेळ द्यावा. एकाच चित्रावर ओळखीच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा तास आणि अनोळखी सॉफ्टवेअरमध्ये तीन मिनिटे घालवून काढलेला निष्कर्ष सॉफ्टवेअरबद्दल काहीच सांगत नाही. नव्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका आधी वाचून, एखादी संध्याकाळ नुसती ओळख करून घेण्यात घालवावी आणि मगच चाचणी सुरू करावी.

तयार चित्रे १६ बिट टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइल प्रकार), एकाच रंगअवकाशात (किती रंग दाखवता येतील याची ठरावीक मर्यादा), शक्य तितक्या सारख्या पिक्सेल मापात आणि एक्स्पोर्टच्या वेळचे वेगळे शार्पनिंग बंद ठेवून काढावीत. कडेचे किती पिक्सेल ठेवायचे हे प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतः ठरवत असल्यामुळे मापात किंचित तफावत येते; तिची चिंता करू नये. मग फाइलींना अ, ब, क अशी नावे कुणा दुसऱ्याकडून देऊन घ्यावीत, दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि त्या एकाच दर्शक सॉफ्टवेअरमध्ये, आधी पूर्ण पडद्यावर आणि मग शंभर टक्के मोठ्या करून पाहाव्यात. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे उपकरणाने मोजून रंग जुळवलेला असणे उत्तम. ते शक्य नसेल तर निदान त्याची उजळता आणि खोलीतला प्रकाश तुलना संपेपर्यंत बदलू नये.

चौथी पायरी: काय पाहायचे

पहिल्यांदा पांढरे पडलेले ढग पाहावेत. एकच रंगवाहिनी (लाल, हिरवी किंवा निळी) कमाल पातळीपर्यंत भरून गेली असेल, तर उरलेल्या दोन वाहिन्यांवरून हरवलेला तपशील बराचसा बांधता येतो, आणि हे काम कोण किती सफाईने करते ते येथे दिसते. पांढऱ्याच्या कडेला गुलाबी किंवा निळसर पट्टा उमटला असेल, तर ते वाईट लक्षण समजावे. तिन्ही वाहिन्या भरल्या असतील, तर तेथे माहितीच शिल्लक नसते. अशा वेळी पांढऱ्याकडे जाणारा उतार कोणाचा मऊ आहे एवढेच पाहायचे.

त्यानंतर उंच आयएसओचे चित्र. गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा बदल येथेच घडला आहे. डीएक्सओने २०२० साली आणलेले डीपप्राइम डीमोझेकिंग आणि नॉइज हटवणे ही दोन्ही कामे प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने एकत्र करते. अडोबीने २०२३ साली डीनॉइज ही त्याच वळणाची सोय आणली. डार्कटेबलची पद्धत वेगळी आहे: प्रत्येक कॅमेऱ्याचा नॉइज निरनिराळ्या आयएसओवर मोजून ठेवलेला असतो आणि त्याआधारे तो कमी केला जातो. अत्यंत उंच आयएसओवर न्यूरल नेटवर्कचा परिणाम उजवा ठरतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही शंभर टक्के मोठे करून दूरवरच्या चेहऱ्यांचे डोळे, पाटीवरची बारीक अक्षरे आणि पक्ष्यांची पिसे लक्षपूर्वक पाहावीत, कारण मुळात नसलेला पोत तेथे रचला गेलेला आढळू शकतो. पक्षिनिरीक्षणासाठी किंवा नोंद म्हणून छायाचित्रे घेणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक नाही. जो फार क्वचित आयएसओ १,६००च्या वर जातो, त्याने मात्र या एका गुणासाठी सॉफ्टवेअर निवडू नये.

त्वचेचा रंग पाहताना कोणता आवडला यापेक्षा एका चित्रातली सगळी माणसे ओळखीच्या वर्णाची वाटतात का, हे विचारावे. काही प्रोफाइल एका वर्णाला खुलवताना दुसऱ्याला पिवळट करतात. येथे उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधला नमुना शेजारी ठेवावा. कापड आणि पानोरा पाहताना खोटे रंगीत पट्टे, चौकटीसारखी नक्षी आणि पाने एकमेकांत मिसळून झालेला तेलरंगासारखा लगदा शोधावा. इमारतीच्या कडांवरून लेन्सची दुरुस्ती कळते. आपल्या लेन्सचे प्रोफाइलच उपलब्ध नसेल, तर बाकीची तुलना त्या चित्रापुरती थांबवावी.

ठरावीक भागापुरते बदल ही गोष्ट फक्त निकाल पाहून जोखता येत नाही, ती करून पाहावी लागते. कमी एक्स्पोज झालेल्या चित्रात फक्त चेहरा उजळा आणि फक्त आकाश गडद करा. लाइटरूममध्ये विषय किंवा आकाश आपोआप निवडले जाते, कॅप्चर वनमध्ये लेअर वापरतात, फोटोलॅबमध्ये नियंत्रणबिंदू ठेवून त्याच्या रंगाशी मिळताजुळता भाग पकडता येतो, तर डार्कटेबलमध्ये हाताने काढलेला मास्क आणि उजळता किंवा रंगावर आधारलेला मास्क एकत्र करता येतो. केसांच्या कडेशी मास्क कुठे सांडतो, तेथे नजर ठेवावी.

पाचवी पायरी: आपला संगणक आणि आपला वेळ

एका चित्रावर सगळीच सॉफ्टवेअरे चपळ वाटतात. म्हणून शंभर रॉ फाइली घेऊन, त्यांतील वीस निवडून, एकावरचे बदल उरलेल्यांवर चढवून सर्वांचे जेपेग काढायला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. न्यूरल नेटवर्कने नॉइज हटवण्याचे काम ग्राफिक्स कार्डावर फार अवलंबून असते. जुन्या संगणकावर एकेका चित्राला काही मिनिटेही लागू शकतात. हा आकडा दुसऱ्याच्या संगणकावरून कळत नाही.

सहावी पायरी: बाहेर पडण्याची वाट आधी पाहणे

रॉ फाइलमधली सेन्सरची माहिती कोणतेही सॉफ्टवेअर बदलत नाही. आपण केलेले बदल म्हणजे फक्त सूचनांची यादी असते. लाइटरूम ती कॅटलॉगमध्ये, म्हणजे सगळ्या चित्रांच्या एकत्र नोंदसंग्रहात, ठेवते आणि सांगितल्यास एक्सएमपी या चित्राशेजारच्या नोंदींच्या फाइलमध्येही लिहिते. डार्कटेबल प्रत्येक चित्राशेजारी स्वतःची एक्सएमपी फाइल ठेवते, रॉथेरपी पीपी३ आणि फोटोलॅब डीओपी. या सूचना ज्याच्या त्यालाच कळतात. तारांकन, शोधशब्द अशा नोंदी बऱ्याचदा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जातात, पण कर्व्ह, मास्क आणि रंगांचे बारीक बदल जात नाहीत. ॲपलचे २००५ साली आलेले अॅपर्चर हे रॉ सॉफ्टवेअर अनेकांनी वर्षानुवर्षे वापरले. २०१४ साली त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले आणि पुढे मॅकच्या नव्या प्रणालींवर ते चालेनासे झाले. मूळ रॉ फाइली सर्वांकडे सुरक्षित होत्या, परंतु त्यांवर केलेले काम नव्या जागी जसेच्या तसे हलवता आले नाही.

म्हणून चाचणीतच तीन गोष्टी तपासाव्यात. बदलांच्या नोंदी चित्राशेजारच्या फाइलींत ठेवता येतात का? नसतील तर कॅटलॉगची प्रत कुठे आणि किती वेळाने तयार होते? आणि पैसे भरणे थांबवल्यास काय उरते? लाइटरूम क्लासिकची वर्गणी संपल्यावर चित्रे पाहता येतात आणि एक्स्पोर्टही करता येतात, पण डेव्हलप विभाग बंद होतो. फोटोलॅब एकदाच विकत घेता येते आणि कॅप्चर वनमध्ये वर्गणी व एकरकमी खरेदी असे दोन्ही पर्याय आहेत. मात्र एकरकमी घेतलेली आवृत्ती पुढच्या कॅमेऱ्याच्या फाइली उघडेलच असे नाही. अडोबीने २००४ साली मांडलेल्या डीएनजी या खुल्या रचनेत रॉ बदलून घेतल्याने कधी कधी ही अडचण सुटते, कारण त्यासाठीचे परिवर्तक सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. तरीही मूळ फाइल पुसून टाकू नये, असा माझा आग्रह आहे. उत्पादकाचे सॉफ्टवेअर अशी बदललेली फाइल बहुधा उघडत नाही.

निवड झाल्यावर

अ, ब, क यांची खरी नावे उघडल्यावर दोन सॉफ्टवेअरमध्ये फारसे अंतर दिसले नाही, तर ज्यात हात लवकर वळला आणि ज्यातून बाहेर पडणे सोपे आहे ते घ्यावे. मोठ्या संग्रहाचे रोजचे काम एका सॉफ्टवेअरमध्ये आणि मोजकी अवघड चित्रे दुसऱ्यात, अशी विभागणीही चालते. बरेच जण नॉइज डीएक्सओच्या सॉफ्टवेअरमध्ये हटवून पुढचे काम लाइटरूममध्ये करतात. मात्र पहिले सहा महिने एकाच सॉफ्टवेअरला द्यावेत.

काम सुरू करण्याच्या दिवशीच रॉ फाइलींच्या फोल्डरांची नावे वर्ष, महिना आणि दिवस या क्रमाने ठरवावीत, कॅटलॉग किंवा शेजारच्या नोंदींच्या फाइली बॅकअपमध्ये येतात याची खातरजमा करावी आणि ज्या चित्रांवर मनापासून काम केले आहे, त्यांची अंतिम रूपे १६ बिट टिफमध्ये काढून रॉच्या शेजारीच ठेवत जावे.